मीठ, रक्तदाब आणि साखर : एकाच वहीतील तीन खाती

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मूत्रपिंड, स्वादुपिंड असल्या विषयांवर लेखणी उचलावी याचे आमच्या वर्गमित्रांना हसू येईल. "तुझा ताळेबंद जुळत नाही आणि तू हार्मोन जुळवायला निघालास होय?" असे एकाने ऐकवलेसुद्धा. पण या विषयात शिरण्याचे कारण पुस्तकी नाही, घरगुती आहे. त्यात चूक माझी होती, म्हणून तीच आधी सांगतो.

शहापुरात आमचे लहानसे किराणा दुकान आहे. बाबांना नऊ वर्षांपासून मधुमेह आणि चार वर्षांपासून रक्तदाब. गेल्या उन्हाळ्यात दुकानात 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून एक नवा माल आला. पाकिटाच्या दर्शनी बाजूला हृदयाचे चित्र होते. मी त्यातले एक पाकीट उचलून थेट स्वयंपाकघरात नेले आणि आईला म्हणालो, "आता बाबांना निवांत जेवू दे." बाबांनाही आनंद झाला. भाकरीबरोबर रंजका आणि वर पापड, हे त्यांचे जीव की प्राण. तेच डॉक्टरांनी तोडले होते. मीठच निर्धोक म्हटल्यावर आईचा हात सैल सुटला. पाच-सहा आठवड्यांनी बाबा "पाय जड वाटतात रे" म्हणू लागले. नेहमीच्या तपासणीत रक्तातील पोटॅशियम ५.९ निघाले. ते साधारणपणे ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. डॉक्टरांनी ताबडतोब हृदयाचा आलेख काढला; सुदैवाने तो ठीक होता. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरात मीठ कोणते वापरता?"

मी घरी जाऊन पाकीट घेऊन आलो. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते की यात पोटॅशियम क्लोराइड आहे आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच हे वापरावे. मी किंमत वाचली होती, वजन वाचले होते, घटक वाचले नव्हते. ते मीठ बंद केल्यावर आठवड्याने पोटॅशियम ४.८ वर आले. पण मला चैन पडेना. साधे मीठ वाईट का, हे मीठ बाबांनाच का बाधले, आणि मिठाचा साखरेशी काही संबंध आहे की नाही, हे प्रश्न घेऊन मी डॉक्टरांना छळले, प्राणिशास्त्राच्या सरांना गाठले, वाचनालयात बसलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

पाच ग्रॅमचा हिशेब

आपल्याकडे समजूत अशी, की मधुमेहाला गोड वर्ज्य आणि रक्तदाबाला खारट वर्ज्य. दोन रोग, दोन पथ्ये, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. बाबा तर नेहमी म्हणत, "चहातली साखर सोडली, कुंदा सोडला, आता मिठावर का उठलात?" त्यांचे म्हणणे वरवर पाहता चूक नाही. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरिन यांचे संयुग. त्यात साखर नाही, उष्मांक नाहीत. चमचाभर मीठ खाऊन कोणी रक्तातील साखर मोजली तर ती लगेच वाढलेली दिसणार नाही.

प्रथम प्रमाण पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा सपाट चमचा, तोही जेमतेम. त्यात सोडियम असते सुमारे २ ग्रॅम. पाकिटावर बहुधा मीठ न लिहिता सोडियम लिहितात. तेव्हा सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणावे म्हणजे मिठाचा आकडा मिळतो. आज जगातील सरासरी माणूस याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे सुमारे १०.८ ग्रॅम मीठ खातो. आमटीतले मीठ आपल्याला कळते. लोणचे, पापड, सांडगे, फरसाण, बेकरीचा पाव आणि खारी यांतले मीठ हिशेबात धरले जात नाही. ते उधारीच्या वहीसारखे असते. रोज थोडे थोडे, आणि महिनाअखेर आकडा पाहिला की डोळे पांढरे.

एकाच दारातून दोघांची ये-जा

मीठ आणि साखर यांची पहिली गाठ आतड्यात पडते. आतड्याच्या अस्तरात काही वाहक रेणू असतात. ते ग्लुकोजचा एक कण आत घेताना सोडियमचे दोन कण बरोबर घेतात. एकटे ग्लुकोज या दारातून आत येऊ शकत नाही; सोडियमची सोबत लागते. त्यांच्या मागोमाग पाणीही आत ओढले जाते.

ही गोष्ट कागदावर लहान दिसते. पण तिने लाखो जीव वाचवले आहेत. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी रोग्यांना तोंडानेच पाजले. तिथला मृत्यूचा दर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आला. आज घरोघरी जुलाबात मीठ-साखरेचे पाणी देतात, त्यामागे हेच वाहक आहेत. साखर मिठाला आणि मीठ साखरेला आत आणते.

दुसरी गाठ मूत्रपिंडात पडते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची. मूत्रपिंड म्हणजे पेढीवरचा रोखपाल म्हणावा. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून तो मोजतो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत जमा करतो. या द्रवात मीठ किती असते? सुमारे दीड किलो! त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक परत घेतले जाते. ग्लुकोज असते सुमारे १८० ग्रॅम. निरोगी माणसात ते जवळजवळ सगळेच परत घेतले जाते, आणि त्यातले सुमारे ९० टक्के पुन्हा अशाच एका वाहकाकडून, सोडियमला सोबत घेऊन.

आता मधुमेहात काय होते पाहा. रक्तात साखर जास्त, म्हणून गाळलेल्या द्रवातही ती जास्त. वाहक अधिक राबतात. इतकेच नव्हे, तर त्यांची संख्याही वाढते. साखर परत घेता घेता सोडियमही जास्त परत येते. शिवाय इन्सुलिन स्वतःच मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला सांगते. ज्यांचे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झालेले असते, त्यांच्या रक्तात सुरुवातीची अनेक वर्षे इन्सुलिन जास्तच असते. स्नायू त्याचे ऐकत नाहीत, पण मूत्रपिंड ऐकत राहते. म्हणून मधुमेही माणसाच्या अंगात मीठ अधिक साठते आणि त्याच्या मागे पाणी.

आमच्या दुकानात एक वयस्क कन्नड गिऱ्हाईक येतात. त्यांना आम्ही अज्जा म्हणतो. त्यांच्या तोंडी एक म्हण नेहमी असते : "उप्पु तिंदवनु नीरु कुडियलेबेकु." मीठ खाल्लेल्याला पाणी प्यावेच लागते. करावे तसे भरावे, असा तिचा अर्थ. पण शरीरशास्त्र म्हणूनही ती अक्षरशः खरी आहे. मीठ साठले की पाणी साठते, पाणी साठले की नळातला दाब वाढतो. मधुमेहाबरोबर रक्तदाब का येतो, याचे एक मोठे कारण हेच.

रक्तदाबाच्या हार्मोनांची साखळी

शरीराला मिठाचा तुटवडाही परवडत नाही. म्हणून निसर्गाने एक राखणदार ठेवला आहे. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेड आणि बेर्गमन या दोघांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला. त्या अर्कातील पदार्थाला त्यांनी 'रेनिन' नाव दिले. पुढे १९४० च्या सुमारास अर्जेंटिना आणि अमेरिका येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधून काढले, की रेनिन स्वतः दाब वाढवत नाही. ते रक्तातील एका प्रथिनापासून दुसरा पदार्थ तयार करवते. दोघांनी त्याला दोन वेगवेगळी नावे दिली होती. शेवटी १९५८ मध्ये समेट होऊन दोन्ही नावांचे तुकडे जोडून 'अँजिओटेन्सिन' हे नाव ठरले. १९५३ मध्ये लंडनला सिम्पसन आणि टेट या दोघांनी साखळीची शेवटची कडी, 'अल्डोस्टेरॉन', वेगळी केली.

साखळी अशी चालते. रक्तदाब उतरला किंवा मीठ कमी पडले, की मूत्रपिंड रेनिन सोडते. यकृताने बनवलेल्या प्रथिनापासून रेनिन अँजिओटेन्सिन-एक बनवते. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत मुबलक असणारे एक विकर त्याचे अँजिओटेन्सिन-दोन करते. हा दुसरा फार जोरकस. तो रक्तवाहिन्या आवळतो आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतो. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला हुकूम देते : सोडियम जमा करा, पोटॅशियम खर्ची टाका. मीठ व पाणी राहते, दाब चढतो, आणि गरज भागली की रेनिन पुन्हा कमी होते.

निरोगी माणसाने मीठ जास्त खाल्ले तर ही साखळी मंदावते आणि जादा मीठ लघवीवाटे निघून जाते. पण वजन वाढलेले असले, इन्सुलिनला शरीर दाद देत नसले, तर साखळी हवी तेवढी मंदावत नाही. कारण चरबीच्या पेशीही अँजिओटेन्सिनचा कच्चा माल तयार करतात. म्हणजे तिजोरी भरलेली असतानाही वसुली चालूच राहते.

या साखळीचा साखरेशी संबंध

संबंध दोन बाजूंनी आहे. पहिली बाजू अँजिओटेन्सिनची. जेवणानंतर रक्तातील बरीचशी साखर स्नायूंनी उचलायची असते. इन्सुलिन पेशीच्या दारावर थाप मारते, आत निरोप जातो आणि पेशी ग्लुकोज आत घेते. अँजिओटेन्सिन जास्त असले तर हा निरोप वाटेतच अडतो. शिवाय स्नायूंतील बारीक रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यामुळे इन्सुलिन आणि साखर दोन्ही तिथवर कमी पोचतात.

दुसरी बाजू अल्डोस्टेरॉनची, आणि तिची कथा मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन नावाचे वैद्य होते. १९५५ साली त्यांनी एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात अधिवृक्क ग्रंथीवर लहानशी गाठ येते आणि ती गरज नसताना अल्डोस्टेरॉन सोडत राहते. रोग्याचा रक्तदाब चढतो, पोटॅशियम घसरते, स्नायू लुळे पडतात. कॉन यांच्या लक्षात आले, की यांतील बऱ्याच रोग्यांची साखर पचवण्याची क्षमताही कमी झालेली असते. १९६५ मध्ये त्यांनी याचा उलगडा मांडला : पोटॅशियम कमी झाले की स्वादुपिंडातून इन्सुलिन नीट सुटत नाही. स्वादुपिंडातील पेशींनी इन्सुलिन कधी सोडायचे हे त्यांच्या आवरणातून होणाऱ्या पोटॅशियमच्या ये-जा वर ठरते, हे पुढे अधिक स्पष्ट झाले.

रक्तदाबावर दिली जाणारी लघवीची काही औषधे पोटॅशियम घालवतात आणि काही रोग्यांत साखर थोडी वाढवतात, त्याचेही एक कारण हेच. म्हणून ती गोळी मनाने बंद करावी असे मात्र नाही. डॉक्टर रक्त तपासून मात्रा ठरवतात. ते त्यांचे काम.

मग मीठ मुळीच सोडावे काय?

इथे मला सर्वांत मोठे आश्चर्य वाटले. साखळी पुन्हा आठवा. मीठ कमी पडले की रेनिन वाढते, अँजिओटेन्सिन वाढते, अल्डोस्टेरॉन वाढते. आणि हीच मंडळी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. मग मीठ अगदीच तोडले तर साखरेला अपायच व्हायला हवा!

हा प्रश्न अभ्यासकांनाही पडला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १५२ निरोगी व्यक्तींना एक आठवडा फार कमी मीठ आणि एक आठवडा भरपूर मीठ असा आहार दिला. कमी मिठाच्या आठवड्यात त्यांची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता किंचित कमी झालेली आढळली. पण 'फार कमी' म्हणजे किती, ते पाहिले पाहिजे. दिवसाला जेमतेम सव्वा ग्रॅम मीठ! एवढे अळणी कोणी डॉक्टर सांगत नाही आणि कोणी खातही नाही. शिवाय ती माणसे निरोगी होती आणि मुदत एकाच आठवड्याची. तेव्हा या अभ्यासाचा अर्थ 'खा हवे तेवढे मीठ' असा नाही. अचानक आणि अतोनात तोडू नये, एवढाच.

दुसऱ्या टोकाचाही अभ्यास आहे. ब्रिटनमध्ये चार लाखांहून अधिक लोकांची माहिती सुमारे बारा वर्षे पाहिली गेली. त्याचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. ताटात वरून नेहमी मीठ घेणाऱ्यांत, क्वचित किंवा कधीच न घेणाऱ्यांच्या मानाने, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह अधिक आढळला. मात्र संख्याशास्त्राच्या तासाला आम्हाला शिकवतात, की दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. खारट खाणारा माणूस एकंदर जास्त खातो, त्याचे वजन वाढते, आणि वजन हे मधुमेहाचे ठरलेले कारण आहे. आमच्या घरचेच उदाहरण घ्या. रंजका चांगला असला की बाबांची एक भाकरी जास्त जाते. साखर वाढवली भाकरीने, पण तिला बोलावून आणले मिठाने.

तेव्हा निवाडा असा : मीठ प्रमाणात आणल्याने साखर फारशी खाली येईल अशी आशा धरू नये. मधुमेह्याने मीठ जपायचे ते मुख्यतः रक्तदाब, मूत्रपिंड आणि हृदय यांच्यासाठी. मधुमेहात मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्या आधीच साखरेने जर्जर झालेल्या असतात. त्यांवर दाबाचा मारा झाला तर त्या लवकर फाटतात. मीठ कमी केल्याने दाब उतरतो, हे २००१ साली अमेरिकेतील 'डॅश-सोडियम' या नियोजनपूर्वक केलेल्या प्रयोगात निःसंशय दिसून आले.

सापाच्या विषापासून गोळीपर्यंत

ब्राझीलमध्ये एक विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब एकदम कोसळतो. १९६० च्या दशकात तेथील सेर्जिओ फेरेरा यांनी त्याच्या विषाचा अभ्यास केला. त्या विषातील पदार्थ अँजिओटेन्सिन-दोन बनवणाऱ्या विकराला अडवतात असे पुढे दिसून आले. त्या धाग्यावरून अमेरिकेत कशमन आणि ऑन्डेटी यांनी 'कॅप्टोप्रिल' हे औषध घडवले. १९८१ मध्ये त्याला तेथे मान्यता मिळाली. १९९५ मध्ये 'लोसार्टन' आले. ते अँजिओटेन्सिन बनू देते, पण त्याला कामाच्या जागी बसू देत नाही. बाबा याच जातीची गोळी घेतात.

या गोळ्यांनी साखळी अडते, तर मधुमेहही टळेल काय? २००० साली 'होप' या मोठ्या अभ्यासात रॅमिप्रिल घेणाऱ्यांत नवा मधुमेह कमी दिसला आणि आशा वाढली. पण २००६ मध्ये ५,२६९ लोकांवर मुद्दाम याच प्रश्नासाठी केलेल्या 'ड्रीम' अभ्यासात रॅमिप्रिलने मधुमेह लक्षणीय रीतीने टळला नाही. काहींची साखर मात्र सामान्य पातळीवर परतली. २०१० मध्ये ९,३०६ लोकांच्या 'नॅव्हिगेटर' अभ्यासात वाल्सार्टनने मधुमेहाचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे फायदा आहे, पण लहान. या गोळ्यांचा खरा उपयोग मूत्रपिंड वाचवण्यात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात मूत्रपिंडाची घसरण त्या लांबवतात, हे २००१ मधील अभ्यासांनी दाखवले.

अलीकडे तर आपण वर पाहिलेला मूत्रपिंडातील वाहकच बंद करणारी 'ग्लिफ्लोझिन' औषधे निघाली आहेत. साखर आणि सोडियम दोन्ही लघवीतून बाहेर पडतात. साखर उतरते, दाबही थोडा उतरतो, आणि हृदय व मूत्रपिंड यांना संरक्षण मिळते. तीन खाती एकाच वहीत आहेत याचा याहून उघड पुरावा कोणता?

माझी चूक कुठे झाली

आता त्या पाकिटाकडे वळतो. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. ही कल्पना वाईट नाही. चीनमध्ये ६०० खेड्यांतील सुमारे २१,००० लोकांवर प्रयोग झाला. त्या मिठात चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइडचा होता. २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले, त्यात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा मिठाचा पुरस्कार केला. पण त्याच वेळी बजावले, की मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना किंवा अन्य कारणाने ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही त्यांना ही शिफारस लागू नाही.

बाबा नेमके या अपवादात बसतात. जादा पोटॅशियम बाहेर टाकण्याचा हुकूम अल्डोस्टेरॉन देते. त्यांची गोळी ते अल्डोस्टेरॉनच कमी करते. मधुमेहाने त्यांची मूत्रपिंडे थोडी मंदावलेली. म्हणजे खर्चाचे दार अर्धे बंद, आणि मी जमेचे दार सताड उघडून दिले! पोटॅशियम फार चढले तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो, आणि तोपर्यंत बाहेर काही लक्षण दिसेलच असे नाही. बाबांची ती तपासणी आणखी दोन महिने लांबली असती तर काय झाले असते, हा विचार अजूनही मला रात्री कधीकधी जागा करतो.

आता आमच्या घरी

आमच्या घरी आता साधे आयोडीनयुक्त मीठच आहे. आई महिन्याच्या पहिल्या तारखेला चौघांचे मीठ मोजून एका बरणीत काढते : दरडोई दिवसाला ४ ग्रॅम या हिशेबाने जवळजवळ अर्धा किलो. उरलेला एक ग्रॅम पाव, फरसाण यांसाठी सोडून दिला आहे. पहिल्या महिन्यात बरणी बावीस तारखेलाच रिकामी झाली. दुसऱ्या महिन्यात सव्वीसला. मीठ एकदम न तोडता हळूहळू कमी केल्याने जिभेलाही त्याची सवय होते; आता बाहेरची भाजीच आम्हाला खारट लागते. ताटातून मिठाची वाटी गेली, तिथे लिंबाची फोड आली. बाबांना रविवारी बोटभर रंजका मिळतो, आणि त्या दिवशी भाकरी मोजून दोनच. उन्हात हमाली करणाऱ्याने किंवा जुलाब झालेल्याने हा नियम तसाच लावू नये, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे.

ते कमी सोडियमचे मीठ आम्ही दुकानातून काढून टाकले नाही. कारण ज्यांची मूत्रपिंडे धड आहेत आणि ज्यांना अशा गोळ्या चालू नाहीत त्यांना ते उपयोगीच आहे. पण त्या फळीवर पुठ्ठ्याची एक पाटी लावली आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत : 'रक्तदाबाची, मूत्रपिंडाची गोळी चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नये.' कन्नड मजकुरात माझ्या दोन चुका झाल्या होत्या. त्या अज्जांनी खडूने दुरुस्त करून दिल्या आणि जाता जाता विचारले, "माझी गोळी कुठली आहे, वाचून सांगतोस का रे?"

मी वाचली. नाव बाबांच्या गोळीचेच होते, आणि अज्जांच्या पिशवीत त्या मिठाचे एक पाकीट होते. बाबांनी ते परत घेतले आणि पैसे त्यांच्या हातावर ठेवले. वहीत तेवढी विक्री वजा झाली. खाल्ल्या मिठाला जागावे असे आपण म्हणतो. मीठ विकणाऱ्यानेही जागावे, हे मला त्या दिवशी समजले.